‘आठवणी’ विभागातलं भूत

चूक पुरुषोत्तमरावांचीच होती. तसं त्यांनी कबूलही केलं. फक्त त्याआधी मंडळाच्या सेक्रेटरीवर, मग कंप्युटरवर, मग कुकरच्या शिट्टीवर आणि सरतेशेवटी बायकोवर आळ घेऊन झाला होता. आळ घ्यायला आणखी कुणी उरलं नाही, तेव्हा ते स्वतःकडे वळले.

झालं होतं असं. कर्नाटकात, महादेवपुऱ्यातल्या त्यांच्या सोसायटीत आणि आसपास पुण्या-मुंबई-नागपूरची बरीच मंडळी. त्यांनी मराठी मित्रमंडळ काढलं. मंडळ म्हटल्यावर दिवाळी अंक आला, अंक म्हटल्यावर संपादक आला. बाकीचे सगळे सकाळी ऑफिसच्या कॅबमध्ये बसून जे जायचे ते दिवेलागणीनंतर उगवायचे. मुलाकडे कायमचे राहायला आलेले पुरुषोत्तमराव तेवढे दिवसाढवळ्या घरी सापडायचे, म्हणून ते बिनविरोध निवडून आले. पुण्याला टेलिफोन खात्यात त्यांची सगळी नोकरी तक्रार विभागात गेली. साहित्याशी संबंध एवढाच, की ‘आपली तक्रार प्राप्त झाली’ हे वाक्य त्यांनी जितक्या वेळा लिहिलं तितक्या वेळा कुणी रामनामही लिहिलं नसेल.

‘‘काका, एकदम सिंपल आहे,’’ सेक्रेटरी ऋतुराज म्हणाला होता. ‘‘हे दोन फोल्डर. एक कथा, एक आठवणी. तुम्ही फक्त फाइल धरायची आणि नेऊन सोडायची. बाकी लेआउट मी बघतो.’’

पुरुषोत्तमरावांनी फाइल धरली. नेऊही लागले. नेमका तेव्हाच कुकर ओरडला, शुभदाताईंनी आतून ‘‘अहो, गॅस बंद करा, माझे हात कणकेचे आहेत!’’ अशी हाक मारली, बोट उचललं गेलं आणि फाइल भलत्याच घरात जाऊन पडली. परत आल्यावर त्यांनी घाईघाईने दुसरी फाइल उरलेल्या घरात ढकलली आणि समाधानाने पोळ्या खाल्ल्या.

अंक छापून आला तेव्हा प्रतिमाताईंची ‘आमची उटीची सहल’ ही आठवण भयकथेच्या पानावर होती. तिच्याबद्दल कुणाचीच तक्रार आली नाही. घाटात बंद पडलेली बस आणि सहलीला आलेली सासू एवढ्या ऐवजावर वाचकांना ती भयकथा म्हणून सहज पटली. घोटाळा दुसरीकडे होता. कौशल्या घोरपडे यांची ‘झाकण’ नावाची भयकथा ‘आठवणी’ विभागात छापली गेली होती आणि त्या विभागाच्या माथ्यावर संपादकांनी हौसेने चौकट टाकली होती: ‘या विभागातील प्रत्येक प्रसंग लेखकाने स्वतः अनुभवलेला असून संपादकांनी त्याची जातीने खातरजमा केली आहे.’

‘‘जातीने!’’ शुभदाताई अंक मिटत म्हणाल्या. ‘‘म्हणजे भुताला जाऊन भेटून आलात वाटतं.’’

ग्रुपवर तर गदारोळच झाला. ‘हे खरंच झालं होतं?’ ‘कुठलं घर?’ ‘ते घर अजून आहे का?’ इथे जवळजवळ प्रत्येक घराच्या अंगणात जमिनीखाली पाण्याची टाकी असते, तिला सगळे संप म्हणतात. कथा त्या संपातल्या भुताची. त्यामुळे सोसायटीतल्या दोघातिघांनी वॉचमनला खाली धाडून सोसायटीचा संप उघडायला लावला आणि आत डोकावून ‘क्लिअर’ असा संदेश टाकला. ऋतुराजने फोन केला. ‘‘काका, रविवारी स्नेहमेळावा आहे. तोपर्यंत शुद्धिपत्रक काढू. उरलेल्या अंकांत चिकटवू आणि स्टेजवर वाचून दाखवू. फक्त अक्कांना एकदा विचारून घ्या.’’

अक्का म्हणजे कौशल्याबाई. सगळी सोसायटी त्यांना अक्काच म्हणायची. नाही म्हणायला पुरुषोत्तमरावांना त्यांची भीती वाटत असे आणि ती कथेमुळे नव्हे. त्या रक्त काढायच्या.

एका लॅबसाठी त्या घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करत. पन्नाशी केव्हाच ओलांडलेली, स्कूटरवर निळी थंड पेटी बांधलेली, साडीवर पांढरा कोट, आणि केसात मात्र रोज न चुकता अबोलीचा गजरा. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या फौजेबरोबर इकडे आलं आणि परत जायचं राहून गेलं, असं त्या सांगत. घरात मराठी, शाळेत कन्नड, नोकरीत मिळेल ते. त्यामुळे ‘‘स्वल्प हात सैल सोडा की हो,’’ असलं त्यांचं बोलणं ऐकून पुरुषोत्तमरावांना पहिल्या दिवशी वाटलं होतं, की ही बाई मराठी असल्याचं सोंग करतेय. संशय हा त्यांचा जुना जोडीदार. भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर टाकली तर तिच्या आत काय दडवलंय ते ते काडी काडी सोडवून बघत.

आणि रक्त काढायची बाई भयकथा लिहिते, याच्याइतकं संशयास्पद जगात काय असणार! पण त्याला कारण होतं. सुई बघून घाबरणाऱ्या माणसाला अक्का गोष्ट सांगायच्या. साधी नाही, भुताची. दंडाला रबरी पट्टी बांधता बांधता सुरू करायच्या, ‘‘आमच्या जयनगरात एक बाई होती, तिच्या आरशात तिच्या मागं कोण तरी उभं राहायचं...’’ आणि पेशंट त्या आरशात अडकलेला असताना सुई आत जाऊन बाहेर आलेली असायची. ‘‘पुढे काय झालं?’’ असं विचारलं तर कापूस दाबत म्हणायच्या, ‘‘पुढच्या तीन महिन्यांनी.’’ पुरुषोत्तमराव साखर बघायला तीन महिन्यांनी बोलवायचे खरे, पण अलीकडे दोन महिन्यांनीच बोलवायला लागले होते. दिवाळी अंकाला कथा मागण्याची बुद्धी त्यांना तिथेच झाली.

दिवाळीनंतर साखर तपासायला अक्का आल्या, तेव्हा पुरुषोत्तमराव उपाशीपोटी आणि अपराधी चेहऱ्याने बसले होते. ज्या बाईवर आपण अन्याय केलाय तिच्या हातात सुई असताना कबुली द्यावी की सुई निघाल्यावर द्यावी, यावर त्यांचा सकाळपासून विचार चालला होता. सुई निघाली. त्यांनी गळा साफ केला.

‘‘अक्का, अंक बघितला असेल तुम्ही.’’

‘‘बघितला की. कागद बरा आहे.’’

‘‘तुमची कथा जरा... दुसऱ्या विभागात गेली. माझी चूक. म्हणजे कुकर...’’

‘‘असू दे की.’’

‘‘असू दे कसं? लोक खरं समजतायत. मी शुद्धिपत्रक काढतो. ‘सदर कथा संपूर्णतः काल्पनिक आहे’ असं रविवारी वाचून दाखवू.’’

अक्कांनी नळीवर त्यांचं नाव लिहिलं, नळी पेटीत ठेवली, पेटी बंद केली. ‘‘गडबड काय आहे? राहू दे तसंच.’’

‘‘अहो, पण तुमच्या कल्पनाशक्तीचं श्रेय...’’

‘‘एडिटर सर,’’ त्या उठत म्हणाल्या, ‘‘जखमेवर कापूस दाबून धरा. बोलता बोलता सोडू नका.’’

आणि गेल्या.

पुरुषोत्तमराव कापूस धरून बसून राहिले. तक्रार विभागात आयुष्य गेलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. ज्याची चूक झालीय तो गप्प बसतो. ज्याच्यावर अन्याय झालाय तो ओरडतो. न ओरडणारा तक्रारदार त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

‘‘शुभे, या बाईच्या मनात काहीतरी आहे. वकिलाकडे गेली असेल.’’

‘‘कशाला? कथा छापली म्हणून?’’

‘‘नाहीतर कथा कुठूनतरी उचललेली असेल. आठवण म्हणून छापली की चोरीचा प्रश्नच येत नाही. बघ, डोकं बघ!’’

‘‘किंवा ती खरीच असेल,’’ शुभदाताई म्हणाल्या आणि दुधाकडे बघायला गेल्या.

दुपारी पुरुषोत्तमरावांनी ‘झाकण’ पुन्हा वाचायला घेतली. पहिल्यांदा त्यांनी ती संपादक म्हणून वाचली होती, म्हणजे ऱ्हस्वदीर्घ बघत. आता ते पोलीस तपासासारखी वाचू लागले.

कथेतल्या मुलीला नाव नव्हतं. संपाचं तोंड लहान, मोठा माणूस मावायचा नाही, म्हणून संप घासायला घरातल्या सगळ्यात लहान मुलीला उतरवायचे, हातात काथ्या आणि पाण्याचा मग देऊन. तशी ती उतरते. आई देवळात गेलेली. आणि मुलगी तळाशी उकिडवी बसून घासत असताना वरून लोखंडी झाकण बंद होतं. अंधार. मुलगी हाका मारते. झाकणावर कुणीतरी बसलंय, हे तिला कळतं, कारण वर भुईमुगाच्या शेंगा फोडल्याचा आवाज येतो. कट्. कट्. फुंकर. मग पुन्हा कट्. तेवढ्यात नळाला पाणी येतं आणि पाइपातून संपात पडू लागतं. घोट्याला लागतं, गुडघ्याला, कमरेला. मुलगी ओरडते. वर शेंगा चालूच.

इथवर भूत नव्हतंच. भूत पुढे येत होतं. पाण्यात आधीपासून एक बाई होती. तिचे केस मुलीच्या पायाला शेवाळासारखे लागतात. ती बाई मुलीला खांद्यावर घेते, तिचं डोकं वर झाकणाशी धरून ठेवते आणि म्हणते, ‘रडू नको, मी आहे ना.’ शेवटी झाकण उघडतं. मुलगी वर येते. त्या दिवसापासून झाकणावर बसलेल्या माणसाची तहान काही केल्या भागत नाही.

पुरुषोत्तमरावांनी चष्मा काढला. तहानेचा भाग ठीक होता, छान भयंकर होता. त्यांना खटकत होतं ते वेगळंच. सगळ्या गोष्टीत प्रेमाने बोलणारं एकटं ते भूतच होतं. आणि शेंगा. भयकथा लिहिणारा माणूस झाकणावर काहीतरी भारदस्त बसवील. कवटी, काळं मांजर, गेला बाजार साखळदंड. शेंगा कोण बसवतं? शेंगा सुचत नाहीत. शेंगा ऐकलेल्या असतात.

शेंगांपाशी त्यांचा संशय जो अडकला तो दोन दिवस सुटला नाही.

दोन दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास, बेल वाजली. दाराच्या भोकातून पुरुषोत्तमरावांना एक उंच, ताठ, पांढऱ्या मिशीचे गृहस्थ दिसले. हातात दिवाळी अंक. कुणी सभासद नव्हता, कारण सभासद अंक असा हातात धरून येत नाहीत. त्यावर डबा ठेवतात.

‘‘एडिटर आपणच काय? मी उमाकांत. कौशल्येचा थोरला भाऊ. जयनगरहून आलो.’’

इथेच पुरुषोत्तमरावांचे कान टवकारले. शहराच्या त्या टोकाच्या जयनगरहून महादेवपुऱ्याला सकाळच्या वाहतुकीतून कुणी उगाच येत नाही. लोक लग्नालासुद्धा विचार करून येतात.

शुभदाताईंनी पाणी आणलं. उमाकांत एका दमात प्याले आणि भांडं पुढे केलं. ‘‘स्वल्प आणखी.’’ आणखी आणलं. तेही गेलं. तिसऱ्या भांड्याला पुरुषोत्तमरावांनी शुभदाताईंकडे असं बघितलं, की त्यांनी नवऱ्याला स्वयंपाकघरात बोलावून दबक्या आवाजात सांगितलं, ‘‘शुगर असेल हो त्यांना! सगळं गोष्टीतलं काढू नका.’’

मग फराळाचं ताट आलं. उमाकांतांनी चकली बाजूला ठेवली, लाडू बाजूला ठेवला, आणि बोलता बोलता बोटाने चिवडा चाळून त्यातले शेंगदाणे तेवढे वेचून खायला लागले.

शेंगदाणे सगळ्या महाराष्ट्राला आवडतात, कर्नाटकाला तर जास्तच, हे पुरुषोत्तमरावांनी स्वतःला दोनदा बजावलं.

‘‘आपण हे छापलं,’’ उमाकांत अंकावर बोट आपटत म्हणाले. ‘‘आठवण म्हणून! वर शिक्का मारला, खातरजमा केली म्हणून. केली काय हो खातरजमा? मला फोन केला?’’

‘‘चूक झाली. पण तुमचं नाव नाही त्यात. वर कोण बसलंय ते गोष्टीत कुठंच...’’

‘‘नाव कशाला पाहिजे? तिचं नाव आहे. तिचं माहेरचं घर एकच, त्या घरात पोरगा मी एकच. आमच्या सगळ्या नातेवाइकांत फिरलं हे. माझी नात अक्षरा, तिला मराठी नीट वाचता येत नाही, तिनं अक्षरं लावून लावून वाचलं. आणि मला विचारते, अज्जा, वर तू होतास काय? परवापासून माझ्याशी बोलत नाही. माझ्या ताटात बसून जेवणारी पोर!’’

आता पुरुषोत्तमरावांना त्यांच्याबद्दल वाईट वाटायला लागलं. ही एक अडचणच होती. संशय आणि कीव एकाच वेळी आली की त्यांना आम्लपित्त व्हायचं.

‘‘तर सर, रविवारी तुमचं फंक्शन आहे म्हणे. तिथं माइकवर वाचा, सगळं काल्पनिक आहे म्हणून. आणि छापूनही द्या. मी घरी नेऊन नातीला दाखवतो. संपला विषय.’’

‘‘हो, तसं ठरतंच होतं आमचं...’’

‘‘लहानपणापासून असंच हिचं! राईचा पर्वत. काय लिहिते, पाणी कमरेपर्यंत आलं! कुठलं कमरेपर्यंत? गुडघ्याच्या वर एक थेंब नव्हतं पाणी.’’

शुभदाताई दारात लाडवांचा डबा घेऊन थांबल्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

‘‘गुडघ्याच्या वर नव्हतं,’’ पुरुषोत्तमराव सावकाश म्हणाले. ‘‘तुम्हाला कसं ठाऊक?’’

उमाकांतांची बोटं चिवड्यात थांबली. मग त्यांनी भांड्याकडे हात नेला. भांडं रिकामं होतं.

‘‘सतरा वर्षांचं वय होतं माझं,’’ ते म्हणाले. ‘‘मॅटिनीला गेलो होतो, ते हिनं वडलांना सांगितलं. पट्ट्यानं फोडलं मला. जरा घाबरवायचं होतं, एवढंच. नळाला पाणी यायची वेळ नव्हती हो ती. आलं की उघडणारच होतो. उघडलंच की! नंतर तिला लॅबचं शिक्षण घ्यायला मीच नेऊन घातलं. घरात कुणी तयार नव्हतं. ते नाही कोण लिहीत.’’

तक्रार विभागाचं ते नेहमीचं वाक्य पुरुषोत्तमरावांच्या तोंडापर्यंत आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

‘‘काल्पनिक छापा,’’ उमाकांत उठले. ‘‘तिचं काय जातं? गोष्टच आहे ना?’’

ते गेल्यावर शुभदाताईंनी ताट उचललं. चिवड्यात आता एकही दाणा नव्हता.

‘‘छापणार?’’

‘‘चूक माझी आहे, शुभे. कथा म्हणून आली होती, कथा म्हणूनच दुरुस्त करायला हवी. नियमाप्रमाणे.’’

‘‘नियमाप्रमाणे ते झाकण तुम्हीही लावा मग,’’ शुभदाताई म्हणाल्या. ‘‘बसा वर. शेंगा भाजून देऊ?’’

हे जरा जास्तच लागलं. पुरुषोत्तमरावांनी चपला घातल्या.

अक्का मागच्या गल्लीत, एका जुन्या तीनमजली इमारतीत राहायच्या. पुरुषोत्तमराव तिथे पहिल्यांदाच जात होते. दार सताड उघडं. कडीबिडी तर राहोच, दाराला आतून लावायला काही होतं की नाही याचीच शंका. ज्या माणसाने स्वतःच्या दाराला दोन कड्या, एक साखळी आणि वर भोक करून घेतलंय, त्याला असं उघडं दार बघून पहिला विचार चोरी झाल्याचाच येणार. ते आत डोकावले. न्हाणीघराच्या दारालासुद्धा नुसता पडदा होता. अक्का जमिनीवर बसून रिकाम्या नळ्या खोक्यात लावत होत्या.

‘‘या की सर. चप्पल असू दे.’’

‘‘दार उघडंच असतं तुमचं?’’

‘‘बंद दाराच्या आत मला बरं वाटत नाही. चोर आला तर रक्त काढते त्याचं. बसा.’’

पुरुषोत्तमराव बसले. कुठून सुरू करावं यावर त्यांनी येताना सगळ्या गल्लीभर विचार केला होता, आणि शेवटी तोंडातून निघालं ते भलतंच. ‘‘अक्का, खरं सांगा, ती फाइल तुम्हीच काहीतरी करून आठवणींत घातली नाही ना?’’

‘‘अय्यो! तुमच्या कंप्युटरात मी कशी येणार? चूक तुम्ही करायची आणि माझ्या अंगावर घालायची काय?’’

‘‘नाही, नाही. ते... उमाकांतअण्णा आले होते.’’

अक्कांचे हात थांबले नाहीत. ‘‘हौदा, खरंच? एवढ्या लांब? काय म्हणाला?’’

‘‘सगळं काल्पनिक आहे असं छापा म्हणाले.’’

‘‘म्हणणारच. आणि?’’

‘‘आणि पाणी कमरेपर्यंत नव्हतं म्हणाले. गुडघ्यापर्यंतच होतं.’’

हातातली नळी खोक्याच्या बाहेर पडली आणि गडगडत पुरुषोत्तमरावांच्या पायाशी आली. ती कुणीच उचलली नाही.

‘‘परत सांगा.’’

‘‘गुडघ्याच्या वर एक थेंब नव्हतं पाणी, असं म्हणाले.’’

‘‘त्याच्या तोंडानं?’’

‘‘माझ्यासमोर. शुभदा होती तिथे. झाकणावर बसलो होतो हेही कबूल केलं, जवळजवळ.’’

अक्का उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत येऊन तिथेच बसल्या. गजऱ्यातलं एक फूल सुटून खांद्यावर पडलं होतं.

‘‘संपात मी कधी उतरलेच नाही, असं सांगायचे मला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तो सांगायचा, आई सांगायची. तुला ताप आला होता, तापात दिसलं. आई जाईपर्यंत तेच म्हणाली. कोण तापात एवढं बघतं हो? पण सगळं घर एकच गोष्ट सांगायला लागलं की आपण पण म्हणतो, असेल बाई, ताप असेल. माझ्या लग्नात अण्णानं सगळ्यांसमोर सांगितलं, आमची कौशल्या लहानपणी झोपेत बडबडायची. सगळे हसले. मी पण हसले.’’

आयुष्यात पहिल्यांदाच पुरुषोत्तमरावांना कुठल्या तक्रारीवर शंका घ्यावीशी वाटत नव्हती आणि त्याचीच त्यांना शंका येत होती.

‘‘मग गोष्ट कधी झाली त्याची?’’ शेवटी त्यांनी विचारलं.

‘‘तेव्हाच. संपात घातलं म्हणून सांगितलं की आईचा मार. मग एकदा शेजारच्या बायकांना भूत घालून सांगितलं. अय्यो, काय ऐकलं त्यांनी! मला मांडीवर बसवून, हातात चकली देऊन, पुढे काय झालं ग, पुढे काय झालं ग. भुताची गोष्ट म्हणून आई पण रागावली नाही. तेव्हा कळलं मला, भूत बरोबर असलं की वाटेल ते सांगता येतं. मग काय, सांगतच सुटले. आरशातली बाई, जिन्यावरचा माणूस, तुम्हाला सांगितलं तेवढं सगळं. प्रत्येकात कुठंतरी शेंगा असतात, बघा तुम्ही.’’

पुरुषोत्तमरावांनी आठवून बघितलं. आरशाच्या गोष्टीत शेंगावाला रस्त्यावरून जात होता. जिन्याच्या गोष्टीत पायरीवर टरफलं पडलेली होती. त्यांना वाटलं होतं, की बाई जरा पाल्हाळ लावते.

‘‘अंकात आठवणी म्हणून बघितलं तेव्हा आधी राग आला मला,’’ अक्का म्हणाल्या. ‘‘मग ती तुमची चौकट वाचली. खातरजमा केली आहे. रोज सकाळी एकदा वाचते. खोटं का असेना, कोणी तरी लिहिलं.’’

खाली गल्लीत रिक्षावाल्यांचं भांडण चाललं होतं. पुरुषोत्तमरावांनी खिशातून पेन काढलं, परत ठेवलं, परत काढलं.

‘‘अक्का, रविवारी काहीतरी वाचावं तर लागणार. ऋतुराजने घोषणा करून ठेवलीय. आणि त्यांची ती नात... अक्षरा. ती बोलत नाहीये त्यांच्याशी. ‘अज्जा, वर तू होतास काय?’ असं विचारलं म्हणे तिनं.’’

‘‘अक्षरानं विचारलं?’’

‘‘हो.’’

‘‘तो काय म्हणाला तिला?’’

‘‘ते नाही सांगितलं. त्यांना छापील कागद न्यायचाय दाखवायला.’’

अक्का थोडा वेळ उघड्या दाराकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर भावाचा राग आहे, नातीची माया आहे की आणखी काय, हे पुरुषोत्तमरावांना कळेना. आणि एरवी न कळलेल्या गोष्टीचा ते ताबडतोब वाईट अर्थ काढत, तो या वेळी त्यांनी काढला नाही.

‘‘सगळं खोटं म्हणून छापलं तर तुम्हाला पुन्हा तापच येतो,’’ ते म्हणाले. ‘‘सगळं खरं म्हणून ठेवलं तर म्हातारा नातीला मुकतो, आणि मी संपादक म्हणून भुताला जामीन राहतो. मला कथा आणि आठवणी असे दोनच विभाग आहेत हो, तिसरा नाही. तुम्हीच सांगा, शुद्धिपत्रकात काय छापू?’’

अक्कांनी वाकून त्यांच्या पायाशी पडलेली नळी उचलली आणि खोक्यात लावली.

‘‘भूत तेवढं खोटं होतं म्हणून छापा.’’